उरल्याच्या सेमिनरीतली रिकामी कपाटं

परत आले. हातपाय शाबूत, बॅग शाबूत, एक पांढरी साडी तेवढी कायमची राखाडी झाली. एवढ्यावर निभावलं हे अजून खरं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

रायपूरला कुणी हवापालटाला जात नाही. मीही कामानं गेले होते, आणि कामही असं की सांगितलं तर लोक आधी हसतात. एका सेमिनरीची तपासणी. सेमिनरी म्हणजे जिथे पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, तयार होतात ते कॉलेज. इंजिनीयरिंगच्या कॉलेजला जशी मान्यता लागते तशी यालाही लागते. शिक्षक किती शिकलेले आहेत, वर्ग कसे आहेत, वसतिगृहात पाणी येतं का, ग्रंथालयात पुस्तकं आहेत का, हे बघायला दर काही वर्षांनी मान्यता मंडळाची माणसं जातात. मान्यता गेली म्हणून देव काही त्या कॉलेजवर रुसत नाही. पण तिथल्या मुलांची पदवी दुसरीकडे कुणी धरत नाही, पुढचं शिक्षण अडतं आणि बऱ्याच ठिकाणी पाळकीय दीक्षाही अडते.

मी नगरकडच्या एका सेमिनरीत आयुष्यभर ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर मंडळानं मला धरलं. कुठे तपासणी निघाली की ग्रंथालयाचा भाग माझ्याकडे. मला खोटं लिहिता येत नाही आणि वाईट लिहवत नाही. खरं तर अशा माणसानं तपासणीला जाऊच नये. पण 'नाही' म्हणायलाही मला कधी जमलेलं नाही.

रायपूरजवळच्या उरल्याच्या सेमिनरीचं प्रकरण आधीच नाजूक होतं. मागच्या तपासणीत कपाटं जवळजवळ रिकामी सापडली होती. 'ग्रंथालय अपुरे' असा शेरा पडला आणि दोनच वर्षांची तात्पुरती मान्यता मिळाली. ती या मार्चमध्ये संपत होती. म्हणजे या वेळीही ग्रंथालय नापास झालं, तर शेवटच्या वर्गातली मुलं मार्चमध्ये ज्या पदव्या घेणार त्यांना कुणी विचारणार नव्हतं. आणि ग्रंथालयाचा शेरा लिहायची पाळी माझ्यावर. गाडीनं नागपूर सोडल्यावर घेतलेला समोसा मी निम्मा खाऊन ठेवून दिला तो या कारणानं. समोशाचा त्यात दोष नव्हता.

चौबे कॉलनी

तपासायला आलेल्यांनी सेमिनरीचा पाहुणचार घ्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणून आमची सोय चौबे कॉलनीत मेश्रामांकडे केली होती. त्यांनी वरचा मजला भाड्यानं देण्यासाठी नीट करून घेतला आहे. मेश्रामकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे तुमसरकडचे. बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो. दारात काका म्हणाले, "जय भीम." मी सवयीनं म्हणाले, "सलाम." आम्हां नगरच्या ख्रिस्ती लोकांचा तोच नमस्कार. मग दोघंही हसलो आणि चपला काढल्या.

समितीचे अध्यक्ष डॉ. वर्गीस केरळहून आधीच येऊन पोहोचले होते. बायबलच्या जुन्या कराराचे प्राध्यापक, उंच, शिस्तीचे. मंडळाची नियमावली त्यांना स्तोत्रांसारखी पाठ. समिती आम्हां दोघांचीच. त्यांचं हिंदी मोजकं आणि माझं इंग्रजी सावध, त्यामुळे आमचं भांडण होण्याची शक्यता कमी, असं मला आपलं वाटलं होतं.

जेवायला मेश्रामकाकूंनी मुनग्याच्या शेंगा घातलेली कढी केली होती. मुनगा म्हणजे आपला शेवगा. पण नुसती शेंग चोखायची नाही, कढी पीत पीत शेंग खायची, ही तिथली रीत. सोबत भात, भात आणि भात. पोळी मागितली तर मिळते, पण मागणाऱ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. काकूंची नात रिया मराठी सगळं समजायची आणि उत्तर मात्र हिंदीत द्यायची. "भाजी वाढू का विचार गं त्याइले," असं काकू म्हणाल्या की ती वर्गीसांना विचारायची, "अंकल, और सब्जी?" वर्गीस मान हलवायचे, तिला तो होकार वाटायचा, आणि त्यांच्या ताटात पुन्हा भाजी पडायची.

काकूंना आमच्या कामाचं फार कुतूहल.

"म्हंजे पाद्र्याले बी पास-नापास असते?"

"पाद्र्याला असतंच," मी म्हणाले. "आम्ही त्याच्या शाळेला पास-नापास करायला आलो आहोत."

काकूंनी भाताचा डाव तसाच हातात धरून विचार केला. "अन् तुमाले कोनं पास केलं?"

"काहून छळून राहिली बाईले?" काका म्हणाले. "जेवू दे ना."

मी जेवले, पण भाताबरोबर प्रश्न काही संपला नाही. खरंच, मला कोणी पास केलं होतं?

उरला

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलेली टॅक्सी आली. चालक संतोष, बोलका माणूस, प्रत्येक वाक्याला "हव मैडम" म्हणणारा. हव म्हणजे हो. शहर मागे पडलं तसे ट्रक वाढले, झाडांचा रंग गेला. उरला हा लोखंडाच्या कारखान्यांचा भाग. रात्रपाळी सुटून सायकलींवरून घरी चाललेली माणसं, त्यांच्या तोंडाला बांधलेले गमछे, आणि सगळ्यावर बारीक काळी भुकटी. आमच्या नगरलाही धूळ आहे, पण ती झटकली की जाते. ही चिकटते. पांढरी साडी नेसून आल्याचा पश्चात्ताप मला तिथेच सुरू झाला.

सेमिनरी कधीकाळी गावाबाहेर मोकळ्या जागेत होती. मग कारखाने तिच्याकडे चालत आले. आता दोन रोलिंग मिलच्या मधे चिंचेची चार झाडं, जुना बैठा बंगला आणि एक चॅपल, असं ते आवार आहे.

फाटकाशी गर्दी होती.

बाया, बाप्ये, म्हातारेकोतारे जमिनीवर चादरी टाकून बसलेले. प्रत्येकाजवळ पिशवी. काही बाया हळू आवाजात गाणं म्हणत होत्या. फाटक अर्धं बंद आणि आत कुणीतरी दोन्ही हात वर करून कुणाला तरी समजावत होतं.

"धरना हे का, मैडम?" संतोषनं गाडीचा वेग कमी केला. "कुछू लफडा हे."

ज्यांना आमच्या संस्थांचा अनुभव नाही त्यांना सांगते. मिशनच्या जुन्या आवाराच्या फाटकाशी गर्दी बसली की आम्ही एकच समजतो. दोन गट पडले. एक गट प्राचार्यांचा, एक विरोधकांचा. मग कुलूप, मग कोर्ट, मग स्टे. माझ्या निम्म्या नोकरीत मी हेच पाहिलं. वर्गीसांनी केरळात त्याहून जास्त पाहिलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला.

"गाडी वळवा," ते म्हणाले. "संस्थेत वाद असेल तर तपासणी स्थगित. नियम आहे."

"आणि पुढची तारीख?"

"पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी म्हणजे मार्च उलटून गेल्यावर. शेवटच्या वर्गातल्या एकाही मुलाला मी ओळखत नव्हते, तरी त्यांच्या मार्चमधल्या पदव्या माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. वर्गीस खिशातून फोन काढून मंडळाच्या कार्यालयाचा नंबर शोधायला लागले.

मी गाडीतून उतरले. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. रक्तदाबाची गोळी घेतली की मला तासाभरात बाथरूमला जावं लागतं आणि तो तास केव्हाच होऊन गेला होता. गर्दीतल्या पहिल्याच बाईला मी विचारलं. चाळिशीची, सावळी, नीट विंचरलेले केस. ती लगेच उठली, स्वतःची पिशवी खांद्याला लावली आणि मला आत घेऊन निघाली. तिचं नाव मालती. मुंगेलीकडच्या एका खेड्यात पाळक आहे, हे तिनं चालता चालता सांगितलं.

परत येताना तिनं खालच्या आवाजात विचारलं, "दीदी, आप भी किताब लौटाने आई हैं?"

"कौन सी किताब?"

"सेमिनरी बंद हो रही है ना. बाहर से बंद करने वाले आज आ रहे हैं. हम लोग बिनती करने बैठे हैं, कि मत करो."

मी तिथेच उभी राहिले. बंद करणारी मीच होते. हात धुतलेले होते, पण पुसायला काही नव्हतं, आणि ते हात तसेच पुढे धरून मी त्या बाईकडे बघत राहिले.

तेवढ्यात आतले हात वर केलेले गृहस्थ धावत आले. प्राचार्य प्रकाश तायडे. घराणं मूळचं अकोल्याकडचं, वडील रेल्वेत, जन्म रायपूरचा. घामाघूम झालेले.

"मॅडम, तुमी गैरसमज नका करून घेऊ. मी तं फक्त पुस्तकं मंगवली होती. पुस्तकं पाठवून द्या म्हनलं, तं हे सोताच येऊन राहिले!"

आणि मग सगळा उलगडा झाला. या सेमिनरीत एक रीत आहे. पदवीदानाच्या दिवशी मुलांच्या अंगावर झगे नसतात. प्राचार्य प्रत्येकाच्या खांद्याला एक कापडी झोळी अडकवतात आणि तिच्यात सेमिनरीच्याच ग्रंथालयातली पुस्तकं असतात. मुलगा जाणार तो बस्तरच्या नाहीतर जशपूरच्या एखाद्या खेड्यात, जिथे रविवारी उपदेश द्यायचा तर हाताशी पुस्तक नाही आणि विकत घ्यायला दुकान नाही. तर ती झोळी त्याच्याजवळ राहते. वर्षातून एकदा, पीक निघाल्यावरच्या उपकारस्तुतीच्या सणाला, सगळे आवारात जमतात आणि झोळ्या आपसांत बदलतात. कित्येक वर्षं हे चालू आहे. म्हणून कपाटं रिकामी.

या तपासणीला तरी कपाटं भरलेली दिसावीत, म्हणून तायड्यांनी सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना फोनवर आवाजी निरोप पाठवला होता. बाहेरून तपासणीवाले येताहेत, मोठा प्रश्न आहे, सगळी पुस्तकं ताबडतोब परत करा. झोळी परत करा, असं आजवर कुणी कधी म्हटलं नव्हतं. लोकांनी सरळ अर्थ काढला की दुकान आवरतं आहे. मग पार्सलनं पाठवतो कोण? मिळेल त्या बसनं सगळे जण झोळ्या घेऊन स्वतःच येऊन बसले. तेही हटून की, बंद करणार नाही असं कुणी तोंडानं सांगितल्याशिवाय एकही पुस्तक हातातून सुटणार नाही.

त्यांना वाटलं आम्ही टाळं लावायला आलो. आम्हांला वाटलं ते टाळं लावायला बसलेत. मला असं हसू फुटलं की मालती घाबरली. मी तशीच ओल्या हातांनी फाटकाबाहेर पळाले आणि वर्गीसांच्या खिडकीवर थापा मारल्या. त्यांचा फोन अजून लागायचा होता. उरल्यातल्या खराब नेटवर्कला देव उदंड आयुष्य देवो.

"वाद नाही," मी म्हणाले. "हे वाचक आहेत."

वर्गीस फोन खिशात ठेवून हळूच उतरले. गर्दी उठून उभी राहिली. "जय मसीह की," सगळे एका सुरात म्हणाले. वर्गीसांनी आपल्या मोजक्या हिंदीत जाहीर केलं, "बंद नहीं. देखने आया. सिर्फ देखने." बाया रडायला लागल्या आणि ते गोंधळून माझ्याकडे वळले, "मी काही चुकीचं बोललो का?"

चॅपलच्या मागे

तो दिवस चांगला गेला. वर्ग पाहिले, शिक्षकांशी बोललो. शेवटच्या वर्गातली मुलं आमच्यापुढे ताठ बसली आणि वसतिगृहातल्या पाण्याबद्दल एकानंही तक्रार केली नाही, म्हणजे नक्कीच कुणीतरी दम दिला होता. दुपारी आम्ही घरून आणलेल्या काकूंच्या डब्यातले चीले खाल्ले. हे तांदळाच्या पिठाचं धिरडं, सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. नियमानुसार सेमिनरीचं काही खायचं नाही. शेजारच्या स्वयंपाकघरातून लाल भाजीच्या, म्हणजे आपल्या लाल माठाच्या, फोडणीचा वास येत होता आणि वर्गीस नियमावलीतलं ते पान पहिल्यांदाच दुःखी चेहऱ्यानं पाळत होते.

ग्रंथालयात झोळ्यांतली पुस्तकं परत लागून कपाटं भरली होती. पुस्तकं वाचलेली होती, ते मला बघताच कळलं. कण्यावर चिकटपट्ट्या, पानांना हळदीचे डाग, एका भाष्यग्रंथात खूण म्हणून बसचं तिकीट. वर्गीसांनी समाधानानं माझा शेरा स्वतःच लिहायला घेतला, 'ग्रंथालय पुरेसे'. माझा जीव भांड्यात पडला. सुटलो.

पण दुसऱ्या दिवशी, शेवटच्या बैठकीआधी, मी पाय मोकळे करायला चॅपलच्या मागे गेले तर सगळे जुने विद्यार्थी तिथेच. कुणी भात शिजवत होतं, कुणी झोपलं होतं.

"तुम्ही लोक गेला नाहीत अजून?" मी मालतीला विचारलं. "तुझी बस चुकेल ना."

"आपकी गाड़ी जाएगी तब ना, दीदी," ती मोकळेपणानं म्हणाली. "फिर किताब लेके निकलेंगे. प्रिंसिपल सर बोले, तब तक पीछे बैठो."

झालं.

तायड्यांना मी बाजूला घेतलं. त्यांनी आधी खाली बघितलं, मग वर. "मॅडम, खोटं काय आहे त्यात? पुस्तकं आमचीच आहेत. नुसती दोन दिवस घरी आली. तुमची गाडी गेली का जातीन परत."

"आणि मी लिहू काय? भरलेली कपाटं पाहिली?"

"पाह्यली ना तुमी!"

"पाहिली. आणि चॅपलच्या मागेही पाहिलं."

ते बंगल्याच्या पायरीवर बसले. मोठा माणूस असा खाली बसला की बघवत नाही. "मंग मी काय करू?" ते म्हणाले. "पुस्तकं कपाटात ठेवली तं त्या लोकाइले काय देऊ? त्याइले दिली तं या पोट्ट्याइची डिग्री जाते. सांगा तुमीच. तुमी तं ग्रंथपाल आहात."

मला राग आला. कुणावर, ते कळेना. नियमावर, तायड्यांवर, की मला या तपासणीला पाठवणाऱ्यावर. मी तशीच तणतणत ग्रंथालयात गेले, देवघेवीच्या टेबलामागची खुर्ची ओढली, बसले, आणि मुलांना सांगितलं, चॅपलच्या मागच्या सगळ्यांना बोलवा. आणि वर्गीससाहेबांनाही बोलवा. जे व्हायचं ते त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे.

रांग लागली. मी विचारायचे, कुठलं गाव, कुठली पुस्तकं, काय वाचलं. ते सांगायचे आणि पुस्तकं झोळीत भरून बाजूला व्हायचे. कुणी प्रामाणिकपणे म्हणायचं, हे जाड पुस्तक उशाला ठेवलं, उघडलं नाही. कुणी एका पुस्तकावरून ईस्टरआधीच्या अख्ख्या उपासकाळात उपदेश दिले होते. मालतीनं आपल्या झोळीतली दोन पुस्तकं शेजारच्या गावातल्या पुजाऱ्याच्या मुलीला वाचायला दिली होती, ती तशीच तिच्याकडे राहिली, म्हणून ती ओशाळली होती. कपाटं माझ्यासमोर रिकामी होत होती. वर्गीस दारात उभे होते, हात मागे बांधून.

मग एक म्हातारेसे पाळक पुढे आले, बस्तरच्या आतल्या भागातले. त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पुस्तक टेबलावर ठेवलं. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकावरचं भाष्य. मी लेखकाचं नाव वाचलं आणि दाराकडे बघितलं.

वर्गीस पुढे आले. त्यांनी ते पुस्तक दोन्ही हातांनी उचललं. त्यांचंच होतं, तरुणपणी लिहिलेलं. नंतर त्यांनी मला सांगितलं की ते त्यांच्या पत्नीनंही पुरं वाचलेलं नाही. त्यांनी पानं उलटली. निम्म्या पुस्तकापर्यंत पेन्सिलीच्या खुणा होत्या, अगदी बारीक, आणि मग एकदम थांबल्या होत्या.

"इधर तक?" वर्गीसांनी विचारलं.

"जी सर," पाळक म्हणाले. "हर साल यही माँग लेता हूँ, चार साल में आधा हुआ. बहुत कठिन लिखा है किसी ने."

वर्गीस हसायला लागले. मी त्यांना आदल्या दोन दिवसांत एकदाही हसताना पाहिलं नव्हतं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग खिशातलं पेन काढून त्यांनी पहिल्या पानावर सही केली आणि पुस्तक स्वतःच्या हातानं त्या पाळकांच्या झोळीत ठेवलं. सही कशाला केली, हे त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं.

भांडण मात्र झालंच. गाडीत, सगळा उरला ओलांडेपर्यंत.

"नियम म्हणतो, पुस्तकं संस्थेच्या आवारात हवीत," वर्गीस.

"नियम लिहिणाऱ्यानं वाचक आवारात असतात असं धरलं होतं."

"मग नियम बदला. तो बदलेपर्यंत तो पाळा."

"मी पाळते आहे. मी लिहिणार की कपाटं रिकामी आहेत. आणि हेही लिहिणार की ती का रिकामी आहेत, आणि मी स्वतः टेबलावर बसून काय पाहिलं. पुरेसं की अपुरं, ते मंडळ ठरवेल. पण माझं मत तुम्ही विचाराल तर पुरेसं."

संतोष आरशातून आमच्याकडे बघत होता; त्याला इंग्रजी कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं. मेश्रामांच्या दारात गाडी थांबल्यावर वर्गीस म्हणाले, "कालचं 'पुरेसे' मी खोडतो, 'अपुरे'ही लिहीत नाही. तुम्ही लिहा. मी सही करतो. पण मंडळ नाही म्हणालं तर मी काही करू शकणार नाही."

जेवताना काकूंनी विचारलं, "काय झालं? पास?"

"आमचं काम झालं," मी म्हणाले. "पास करणारे दुसरे आहेत."

"तं मंग तुमी काहून गेल्या होत्या?" काकूंना माझं कधीच पटलं नाही.

नवा रायपूर

परतीची गाडी संध्याकाळची होती, म्हणून काकांनी आम्हांला नवा रायपूर दाखवायला नेलं. त्यांचा मुलगा तिथे मंत्रालयात नोकरीला आहे, त्याचं त्यांना फार कौतुक. रस्ते इतके रुंद आणि इतके मोकळे की मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. आमच्या नगरच्या रस्त्यावर तीन रिक्षा एकमेकींना घासून जातात आणि कुणाचं काही बिघडत नाही. इथे एक बस लांबून येताना दिसली तर काका म्हणाले, "पाहा, बस!" आणि आम्ही तिघांनी खरोखर वळून पाहिलं.

मन हलकं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. सही झाली होती, खरं लिहिलं होतं, मुंगेलीची बस मालतीला मिळाली होती. रायपुरात परत आल्यावर वर्गीसांनी पत्नीसाठी कोसा रेशमाची साडी घेतली. रंगावरून आमचं पुन्हा थोडं वाजलं. मी म्हणाले मधाचा रंग, ते म्हणाले राखाडी. शेवटी काकांनी मधला रंग निवडला, जो आम्हां दोघांनाही आवडला नाही, आणि तोच घेतला.

स्टेशनवर काका डबा घेऊन आले. डब्यात ठेठरी होत्या, बेसनाच्या, कुरकुरीत, आपल्या कडबोळ्यांच्या चुलतबहिणी. "मंजूर झालं का कळवजा," ते म्हणाले. "रियाची आजी रोज इचारून राहिली."

घरी आले तरी सुटका नव्हती. मंडळाची बैठक पुढे ढकलली गेली. मी देव्हारा नसलेल्या घरातली बाई, नाहीतर देव पाण्यात घालून बसले असते. प्रार्थना करताना माझं मन भरकटून शेवटच्या वर्गातल्या त्या ताठ बसलेल्या मुलांवर जायचं आणि वाटायचं, एका शब्दानं काय बिघडलं असतं? 'पुरेसे' लिहून मोकळी झाले असते. चॅपलच्या मागे गेलेच नसते तर? मग मलाच माझा राग यायचा आणि मी भांडी घासायला उठायचे.

फोन आला तेव्हा मी भाजीबाजारात होते. एका हातात मेथीच्या दोन जुड्या, दुसऱ्या हातात पिशवी. तायड्यांचा नंबर पाहून मेथी परत टोपलीत ठेवली.

"ताई," ते म्हणाले. आजवर मॅडम म्हणत होते. "मंजूर झालं. पूर्ण मुदतीची मान्यता. झोळीतली पुस्तकं बी धरली त्याइनं. वर्गीस सर बैठकीत उभे राहून बोलले म्हणे." मागे नुसता कल्ला चालला होता. "पोट्टे आयकून नाही राहिले, ताई. त्याइले तुमाले काही सांगायचं आहे."

मला वाटलं आभार मानतील. एका मुलीनं फोन घेतला आणि काही न सांगता सरळ प्रार्थनाच सुरू केली. छत्तीसगढीत. मला निम्मीच कळत होती. प्रार्थनेत सगळी नावं होती, प्रत्येक शिक्षकाचं, प्रत्येक विद्यार्थ्याचं, वर्गीसांचं, मग माझं. प्रार्थना चालू असताना फोन कसा ठेवणार? मी रस्त्याच्या मधे डोळे मिटून, मान खाली घालून उभी राहिले. लोक मला वळसा घालून जात होते. एका स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलं नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते.

आमेन झाल्यावर डोळे उघडले तर भाजीवाली आपलं स्टूल घेऊन माझ्यासमोर उभी.

"बसा जरा. बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," मी म्हणाले. "बाई गं, फार बरं वाटतंय." आणि त्या स्टुलावर बसून मी मोठ्यानं रडले.